नदीचे रक्षण आणि जनतेचा पैसा
(अभ्यासवर्गातील भाषण)



वाराणसीत दशाश्वमेध घाटाकडून दक्षिणेस चालू लागले की अहल्याबाई घाटाला लागून मुन्शी घाट येतो. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुन्शी यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्यांनी बांधवलेला शेजारचा वाडा १९१५ साली दरभंग्याच्या संस्थानिकांनी विकत घेतला. आज तेथे आलिशान हॉटेल आहे. वाडे विकले जातात, मालक बदलतात. परंतु पायऱ्यांपुढून वाहणारी गंगा कोणाची, आणि तिच्या रक्षणासाठी जनतेचा पैसा कसा खर्च व्हावा, हा प्रश्न खरेदीखताने सुटत नाही.

सरकारने गंगेवर पैसाच खर्च केला नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. १४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा प्रारंभ याच वाराणसीत झाला. दीनापूरला रोज ८ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. चूक कोठे झाली? बांधकामाला पैसा मिळाला, ते चालवण्याची शाश्वती मिळाली नाही. वीज गेली की पंप बंद, आणि पंप बंद की सांडपाणी पुन्हा नदीत. विजेचा व देखभालीच्या पैशाचा हा अभाव महालेखापरीक्षकांनी २००० सालच्या अहवालात नोंदवला. उद्घाटनाच्या कोनशिलेला पैसा असतो, पंपाच्या चालकाला नसतो, हे त्या काळाचे सार आहे.

दुसरा अनुभव अभयारण्याचा. १९८९ साली रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सुमारे ७ किलोमीटरचे पात्र कासवांसाठी राखीव झाले. मुन्शी घाटासमोरचे पाणीही त्यातच आले. अर्धवट जळलेली प्रेते कासवांनी खावीत, हा हेतू होता. मासेमारी व वाळूउपसा यांवर बंदी आली. या बंदीचा भार नदीवर जगणाऱ्या मल्लाहांवर पडला. पुढे हल्दिया ते वाराणसी मालवाहू जलमार्ग आखला गेला, रामनगरला २०१८ साली बंदर सुरू झाले आणि २०२० साली अभयारण्याचा दर्जा रद्द करण्यात आला. पात्रात वाळू साचून घाटांवर ताण येतो, असे कारण सांगितले गेले. ते तपासावे, मात्र जे बंधन गरिबांच्या जाळ्यासाठी तीस वर्षे अटळ होते, ते जहाजांच्या वाटेवर येताच सैल कसे झाले, हेही विचारावे. २०२१ साली पलीकडच्या वाळूत कालवा खोदण्यात आला. त्याच वर्षीच्या पुराने तो बुजवून टाकला. तोही पैसा जनतेचाच होता.

२०१५ साली ‘नमामि गंगे’साठी २०,००० कोटी रुपये मंजूर झाले. दोन वर्षांनी महालेखापरीक्षकांना बराच निधी अखर्चित आढळला. देणग्यांतून उभारलेल्या स्वच्छ गंगा निधीतील १९८ कोटी रुपये तर मार्च २०१७ अखेर बँकेतच पडून होते. देणगीने धोरणाची जागा भरून निघत नाही.

रमना येथील केंद्रासाठी नवी पद्धत आली. खाजगी कंत्राटदाराला ४० टक्के भांडवल बांधकामाच्या काळात आणि उरलेले ६० टक्के १५ वर्षांत हप्त्यांनी मिळते. शिवाय चालवण्याचा खर्च वेगळा. देखभालीची तरतूद आधीच मान्य केली, ही बाब योग्यच आहे. पण १५ वर्षांची हमी राज्य कंत्राटदाराला देऊ शकते, तर शहराच्या स्वतःच्या जलयंत्रणेला व तिच्या कायम कामगारांना का देऊ शकत नाही? पैसा नाही, ही सबब येथे टिकत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक प्रकल्पाबरोबर देखभालीची कायम तरतूद व्हावी. ती राबवण्याचे अधिकार निवडून आलेल्या नगरसंस्थेकडे असावेत. हिशेब वॉर्डसभेत वाचला जावा. गटारांत उतरून जीव धोक्यात घालणाऱ्या सफाई कामगारांच्या, तसेच मल्लाहांच्या प्रतिनिधींना देखरेख समितीत स्थान मिळावे. संरक्षित क्षेत्र रद्द करायचे झाल्यास आधी जाहीर सुनावणी व्हावी.

मुन्शी घाट नागपूरच्या नावाने उभा आहे. नागपुरातील नाग नदीपुढेही हेच प्रश्न आहेत. ज्या साथीच्या गावात नदी आहे, त्याने योजनेचा आकडा विचारून थांबू नये. पंप आज किती तास चालला, हे विचारावे. लढ्याची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.