जुन्या नेमबाजी एअर रायफलींची ओळख

पेण-रोह्याच्या आपल्या रायगड जिल्ह्यातच, पनवेलला, सुमा शिरूर यांची ‘लक्ष्य’ नेमबाजी संस्था आहे. 2004 मध्ये क्वालालंपूरला त्यांनी 10 मीटर एअर रायफलमध्ये 400 पैकी 400 गुण मिळवले. आजच्या स्पर्धेतली रायफल दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालते. जुन्यांची तऱ्हा वेगळी, आणि त्या ओळखण्यात फार आनंद आहे.

जर्मन ‘फाइनवर्कबाऊ 300’ बघा. उजव्या बाजूचा दांडा मागे ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवरून किंचित मागे सरकते, म्हणून खांद्याला धक्का जाणवत नाही. ‘वॉल्थर एलजीआर’मध्ये स्प्रिंग नाहीच, दांड्याच्या एकाच दाबात हवा साठते. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असा शिक्का दिसला, तर रायफल बहुधा 1990 पूर्वीची.

संग्रहासाठी घेताना मूळ डायोप्टर, म्हणजे मागचं भोकाचं नेमयंत्र, जागेवर आहे का ते आधी पाहा. दस्त्याला नवं पॉलिश मुळीच करू नका. आणि कोकणातल्या पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका, फोम ओल धरतो आणि पोलाद गंजतं. तेलाचा हलका हात देऊन उघड्या कपाटात ठेवा.