स्वभावाची पारख



या व्यासपीठावरून विद्वान मंडळींनी बोलावे, असा आजवरचा रिवाज आहे. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते रात्रपाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा मनुष्यस्वभावाच्या शास्त्रावर आम्ही बोलावे, हे थोडे धाडसच आहे. पण तीस वर्षे यंत्रमाग कामगारांची संघटना बांधताना एक काम आम्हाला नित्य करावे लागले, ते म्हणजे माणसे पारखणे. वर्गणीची पेटी कोणाकडे द्यावी, दारावरच्या सभेत कोणाला उभे करावे, मालकाशी बोलणी करायला कोणाला न्यावे, हे ठरवताना चूक झाली, तर तिचा भुर्दंड दुसऱ्याच्या चुलीला बसतो. अशाच आमच्या एका चुकीपासून प्रारंभ करतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात मजुरीवाढीसाठी काम बंद होते. बोलणी करायला आम्ही पाचजण गेलो. आमची ख्याती तापट म्हणून होती आणि, खरे सांगावयाचे तर, ती आम्हाला आवडतही होती. आमच्याबरोबरचा एक विणकर मात्र अगदी अबोल. त्याला आम्ही चारचौघांत ‘गरीब गाय’ म्हणत असू. मालकाने मीटरमागे जी वाढ देऊ केली ती मागणीच्या निम्मी होती. ती ऐकताच आम्ही टेबलावर मूठ आपटली आणि उठून बाहेर आलो. दारात जयजयकार झाला. त्यानंतर काम आणखी अकरा दिवस बंद राहिले. त्या अकरा दिवसांत कोणाचे मंगळसूत्र सोनाराकडे गेले, कोणाच्या घरी एक वेळची चूल पेटली नाही.

मागाहून कळले की, त्या अबोल माणसाच्या खिशात त्या दिवशी एक वही होती. हलक्या सुतामुळे तार किती वेळा तुटते आणि माग किती वेळ उभा राहतो, याची सहा महिन्यांची टिपणे तिच्यात होती. मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा माग उभा राहिला की त्याची मजुरी बुडते. सूत चांगले मिळाले, तर त्या निम्म्या वाढीतही महिन्याची कमाई आमच्या मागणीच्या जवळ जात होती आणि मालकाचेही कापड वाढत होते. अखेर तडजोड झाली ती याच हिशेबावर. आम्ही त्याला विचारले, “अरे, त्या दिवशी बोलला का नाहीस?” तो खाली मान घालून म्हणाला, “अण्णा, गाय कुठं बोलती व्हय?”

हे उत्तर आम्ही आजवर विसरलो नाही. त्याला आम्ही जो शिक्का मारला, त्याने त्याचे तोंड बंद झाले. आणि स्वतःला जो शिक्का आम्ही दागिन्यासारखा मिरवला, त्याने आमचे कान बंद झाले. स्वभावांचे प्रकार म्हणजे काय आणि त्यांत आपला कोणता, हा शोध आम्ही तेव्हापासून घेऊ लागलो.

व्यक्ती तितक्या प्रकृती, असे आपण म्हणतो खरे; पण त्या मोजक्या प्रकारांत बसविण्याचा मोह माणसाला फार जुना आहे. आपल्या वैद्यांनी वात, पित्त, कफ अशा प्रकृती सांगितल्या. ग्रीक वैद्यकाने शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव कल्पिले. गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज, तम हे तीन गुण आले. पण तेथे एक बारकावा आहे. हे तिन्ही गुण प्रत्येकात असतात, आणि कधी एक तर कधी दुसरा इतरांना दाबून वर येतो, असे तेथे सांगितले आहे. माणसांचे तीन गठ्ठे बांधलेले नाहीत.

अर्वाचीन काळात स्वित्झर्लंडचे मनोवैद्य कार्ल युंग यांनी १९२१ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे आज आपल्या तोंडी असलेले शब्द त्यांच्याच विचारातून आले. एकाच्या मनाचा ओढा आत, स्वतःच्या विचारांकडे असतो; दुसऱ्याचा बाहेर, माणसांकडे आणि घडामोडींकडे. पण दोन्ही ओढे प्रत्येकात असतात आणि ज्याचे पारडे जड त्यावरून आपण नाव देतो, हे युंग यांनीही बजावले होते. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी, युंग यांचा आधार घेऊन, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एक प्रश्नावली रचली. दोघीही मानसशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या. ज्याला त्याला मानवेल असे काम मिळावे, हा हेतू चांगलाच होता. तिच्यातून माणसांचे सोळा प्रकार निघाले आणि आज ती जगभर वापरली जाते.

तिच्यात उणीव कोठे आहे? उंचीचे उदाहरण घ्या. या सभागृहातील सर्वांना एका रेषेवरून ‘उंच’ आणि ‘ठेंगणे’ असे दोन भागांत वाटले, तर बहुतेक मंडळी रेषेच्या आसपासच असतील आणि केवळ बोटभर फरकाने या बाजूची त्या बाजूला जातील. स्वभावाचेही तसेच. म्हणून तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली, तर अनेकांचा प्रकार बदललेला दिसतो. यास्तव आजचे बहुतेक संशोधक खण पाडण्याऐवजी पाच मापे वापरतात: नवलाची आवड, कामातील नेटकेपणा, बहिर्मुखता, मिळतेपणा आणि मन लवकर ढवळून निघण्याची प्रवृत्ती. प्रत्येक माप प्रत्येकात कमीअधिक असते. कोणी शून्य नाही, कोणी पूर्ण नाही.

येथे एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचे वर्णन दिले. ते कितपत जुळते, यास पाचापैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. मग गुपित उघड झाले. सर्वांना एकच वर्णन दिले होते आणि त्यातला बराचसा मजकूर भविष्याच्या पुस्तकातला होता! ‘आपण बाहेरून शिस्तीचे दिसता, पण आतून काळजी करता’ अशा थाटाची वाक्ये कोणाला लागू पडत नाहीत? मोबाईलवर दहा प्रश्नांची उत्तरे देऊन जी मुले आपला ‘प्रकार’ आनंदाने सांगतात, त्यांना हा प्रयोग अवश्य सांगावा.

याच्याही आधी, १९२८ साली, हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी अमेरिकेतील हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या परीक्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परीक्षेत नक्कल करणारा मुलगा खेळात लबाडी करीलच, असे आढळले नाही. स्वभाव म्हणून काही असतेच. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. पण तोच माणूस घरी, कारखान्यात आणि सभेत निराळा वागतो, हेही तितकेच खरे.

मंडळी, आता जिव्हाळ्याचा मुद्दा. माणसाला प्रकार लावतो कोण आणि कशासाठी? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा जणू रक्तातच असतो, असे धरून जमातीच्या जमाती हजेरीला बांधल्या. सोलापुरास तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. जातीविषयी बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली हेच दाखवून दिले. जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसे एकमेकांपासून तोडली; आणि ही वाटणी कोणाचीही आवड किंवा कुवत पाहून झालेली नव्हती. नोकरीच्या दारात प्रश्नावल्या भरून घेणाऱ्यांनाही आम्ही एवढेच विचारतो: काम माणसाला जुळावे म्हणून हे चालले आहे, की प्रश्न विचारणारा माणूस आत येऊ नये म्हणून?

मग आपला स्वभाव ओळखूच नये काय? ओळखावा, परंतु आपला आपण ओळखावा. आमचा अनुभव असा की, त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, एक वही. महिनाभर रोज दोन ओळी लिहाव्या: आज कशाने थकलो, कशाने हुशारी वाटली. चार माणसांत बसून शीण गेला, की एकटे बसून? दुसरी गोष्ट, साक्षीदार. घरातले एक, कामावरचे एक, आणि जमल्यास आपला एक विरोधक. तिघांना विचारावे आणि उत्तर ऐकताना वाद घालू नये. आमच्या सौभाग्यवतींनी आम्हाला सांगितले, “तुम्ही घरी कधी भांडं आपटत नाही. राग दारावर टोपीसारखा घालता.” तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. ‘माझा स्वभावच असा’ हे वाक्य जेव्हा जेव्हा तोंडात येईल, तेव्हा थांबून पाहावे, की हे आपण वर्णन करीत आहोत, की सबब सांगत आहोत. आमचा तापटपणा निम्मा स्वभाव होता आणि निम्मी सबब. त्या सबबीची किंमत अकरा दिवसांनी चुकवली, आणि तीही आम्ही एकट्याने नव्हे.

शेवटी त्या विणकराविषयी. पुढच्या बोलण्यांपासून तो आमच्या शेजारी बसू लागला. तो वक्ता झाला, असे मात्र नाही. अजूनही तो अबोलच आहे. वेळ आली की वही उघडून पुढे सरकवतो, बस्स. आम्हीही शांत झालो नाही. फरक इतकाच की, आमची मूठ टेबलावर पडण्याआधी त्याचा हात आमच्या गुडघ्यावर पडतो. त्याला ‘गाय’ म्हणणे आम्ही त्याच दिवशी सोडले. आता आम्ही त्याला नावाने हाक मारतो.