प्रकाशाचे मोजमाप आणि रक्ताचा अहवाल

(संस्थेच्या वार्षिक सभेत जीवरसायन प्रयोगशाळेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या हाती येणाऱ्या अहवालात साखर, हिमोग्लोबिन, बिलिरुबिन अशी नावे व त्यांपुढे आकडे असतात. त्या आकड्यांवर उपचारांची दिशा ठरते. ते येतात कोठून, हे थोडक्यात सांगण्याची अनुज्ञा असावी.

यांतील अनेक आकड्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. प्रत्येक पदार्थ ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो व उरलेला पुढे जाऊ देतो. कोकमाचे सरबत तांबडे दिसते, कारण ते मुख्यतः हिरवा प्रकाश शोषते. सरबत दाट केले किंवा रुंद पेल्यात ओतले, तर पलीकडे कमी प्रकाश पोहोचतो. थराच्या जाडीचा हा परिणाम बूगेर यांनी १७२९ मध्ये व लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये, तर द्रावणाच्या तीव्रतेचा परिणाम बिअर यांनी १८५२ मध्ये मांडला. दहापैकी एक भाग प्रकाश पार झाला तर शोषणांक १, शंभरापैकी एक भाग पार झाला तर २. द्रावण फार दाट नसेल, तर पदार्थ दुप्पट होताच शोषणांकही दुप्पट होतो.

रक्तातील साखरेला स्वतःचा रंग नाही. म्हणून विकरांच्या साहाय्याने तिच्या प्रमाणात गुलाबी रंग निर्माण करतात आणि ५०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्यातून सोडतात. साखरेचे प्रमाण आधीच ज्ञात असलेल्या प्रमाणित द्रावणाशी तुलना केली की आकडा मिळतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर हेच काम त्वचेबाहेरून करते. सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा व ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश किती शोषला गेला, यावरून ते रक्तातील प्राणवायूचा अंदाज देते. १९७४ मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी त्याचे मूलतत्त्व मांडले.

नवजात शिशूच्या काविळीत या मोजमापाचे मोल विशेष जाणवते. बिलिरुबिन ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते. तोच प्रकाश बाळाच्या अंगावर सोडला की बिलिरुबिनचे रूप पालटते व ते शरीराबाहेर टाकणे सुलभ होते. मोजणारा आणि बरे करणारा प्रकाश येथे एकच! परंतु प्रकाशोपचार पुरेसा आहे की रक्त बदलावे लागेल, हा निर्णय घेताना बाळाचे वय व प्रकृती यांबरोबर त्या आकड्याचा आधार घ्यावा लागतो. आकडा चुकून कमी आला, तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून आप्तेष्टांना विनंती. बाळाच्या रक्ताची नळी झाकून नेली जाते, कारण उजेडात बिलिरुबिनचे प्रमाण घटते. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर बाहेर आलेले हिमोग्लोबिनही प्रकाश शोषते व निकाल फसवा ठरू शकतो. अशा वेळी नमुना पुन्हा मागितला गेल्यास त्रास मानू नये. ती आपल्याच बाळाची काळजी आहे.

देणगीदारांनाही एक निवेदन. यंत्राच्या खरेदीबरोबर खर्च संपत नाही. प्रमाणित द्रावणे, दिव्यांची बदली, नियमित पडताळणी यांवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. पण अहवालातील प्रत्येक आकड्याचा खरेपणा त्यांवरच उभा असतो. या अदृश्य खर्चालाही आपला हातभार लाभावा, ही नम्र प्रार्थना.