ज्ञानाचे अन्नसत्र आणि आपली मुले
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मानक नगर, लखनौ येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपणांसमोर चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे आभारी आहोत. अशा प्रसंगी गेल्या पन्नास वर्षांचे सिंहावलोकन करण्याचा प्रघात आहे. ते काम आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी याच व्यासपीठावरून केलेले असल्याने आम्ही मागे न पाहता पुढे पाहणार आहोत. आमचा विषय आहे आपल्या मुलांच्या शिक्षणाचे एक नवे साधन. संगणकाच्या महाजालावर गणित, विज्ञान, भूगोल, भाषा अशा नाना विषयांची शैक्षणिक सामग्री आज विनामूल्य मिळते. तिच्यातील काही अशी आहे की विद्यार्थ्याने ती नुसती पाहावयाची नसते, स्वतः हाताळावयाची असते. त्या सामग्रीचा विचार आज करावयाचा आहे.

लखनौत राहणाऱ्यांना विनामूल्य वाटपाचे नवल नाही. ज्येष्ठातील बड्या मंगळाला येथे चौकाचौकांत भंडारे लागतात, आणि रांगेत उभ्या असलेल्यास त्याचे गाव वा धर्म कोणी विचारीत नाही. ज्ञानाचे तसेच अन्नसत्र गेल्या पाव शतकात जगभर उघडले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांस खुले करण्याची घोषणा २००१ साली केली. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या एका परिषदेत अशा सामग्रीला ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ या अर्थाचे नाव मिळाले. आपल्याकडे आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’चे कार्य आरंभिले, आणि २०१७ मध्ये शासनाचे ‘स्वयम्’ व शाळांसाठीचे ‘दीक्षा’ हे उपक्रम सुरू झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावरील चौकोनी ठिपक्यांची खूण भ्रमणध्वनीने टिपली की धड्याशी निगडित सामग्री उघडते, ही सोय आता पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिचा आपल्या शाळेत कल्पकतेने वापर करणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, आणि त्यांनी पारितोषिकाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली.

अन्न शिजले आहे आणि वाढणारे उभे आहेत, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो आपल्या मुलांच्या पानात काय पडते आणि त्यांतले अंगी किती लागते, हा.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. येथून काही मैलांवर, कैसरबागेत, एका मराठी माणसाने ते शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील. त्यांच्या काळी रागविद्या घराण्याघराण्यांत बंदिस्त होती. एखादी दुर्मिळ चीज मिळवावयाची तर शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करावी, आणि तरीही उस्तादांची मर्जी झाली तरच ती मिळावी, अशी स्थिती होती. भातखंड्यांनी देशभर हिंडून त्या चिजा मिळविल्या, स्वरलिपीत बसविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापून सर्वांस खुल्या केल्या. त्यांचा ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा शास्त्रग्रंथ मूळचा मराठीतला. त्याची रचना गुरुशिष्यांच्या संवादाची आहे: शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, त्या उत्तरातून पुढची शंका निघते. ज्ञान खुले करणे आणि ते संवादातून देणे, ही दोन्ही तत्त्वे त्या ग्रंथकाराने अशी एकत्र आणली होती.

परंतु ग्रंथ छापून ते थांबले नाहीत, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. पुस्तकातील स्वरलिपी वाचून गळा तयार होत नाही, हे ते जाणून होते. म्हणूनच त्यांच्या प्रेरणेने १९२६ साली या शहरात मॅरिस कॉलेज उभे राहिले, आणि १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद सांभाळले. आज तेच भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय होय. खुले पुस्तक आणि पुस्तकाशेजारी बसणारा गुरू, अशी ती जोडी होती. आमचे आजचे सारे म्हणणे या जोडीत सामावलेले आहे. महाजालाने पुस्तक खुले केले आहे. शेजारी बसणाऱ्याची जागा मात्र अद्याप रिकामी आहे.

आता या सामग्रीचे स्वरूप थोडे जवळून पाहू. मुलाने ध्वनिचित्रफीत पाहिली, मान डोलावली आणि पुढची लावली, याला आम्ही शिक्षण म्हणणार नाही. पडद्यासमोरची ती नुसती श्रोतृभक्ती झाली. याच्या उलट ‘फेट’ या प्रकल्पाचे उदाहरण घ्या. पदार्थविज्ञानाचे २००१ सालचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात तो सुरू केला. पडद्यावर एक लंबक टांगलेला असतो. त्याचे वजन वाढवावे, दोरी लांबवावी, त्यास चंद्रावर वा गुरू ग्रहावर न्यावे, आणि एका आंदोलनास किती वेळ लागतो ते मोजावे. वजन वाढविले की लंबक सावकाश झुलेल, असे बहुतेक मुले सांगतात. प्रत्यक्षात वजनाने काहीच फरक पडत नाही. दोरी पाव मीटरची असता एका आंदोलनास सुमारे एक सेकंद लागतो. दोन सेकंद लागावेत म्हणून मूल ती अर्धा मीटर करते आणि फसते, कारण दोरी दुप्पट नव्हे, चौपट करावी लागते. हे ज्याने स्वतः फसून शोधले, त्यास वर्गमूळाचे सूत्र घोकावे लागत नाही.

विद्युतमंडलाचेही तसेच. पडद्यावर मुलाने चुकीची तार जोडली की विद्युतघटातून ज्वाळा निघतात. घर जळत नाही, कोणी रागावत नाही, मूल तार काढून पुन्हा जोडते. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग येथे विद्यार्थी असताना २००१ च्या सुमारास ‘जिओजेब्रा’ची निर्मिती केली. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने कोठेही ओढावा, तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते. मूल ती बदलण्याचा हट्ट धरते, थकते, आणि मग विचारते, ‘असे का?’ सिद्धता शिकविण्याचा मुहूर्त तो. भूगोलासाठी ‘इस्रो’चे ‘भुवन’ २००९ पासून खुले आहे. आपल्या गोमतीचा प्रवाह पिलीभीत जिल्ह्यातील उगमापासून गंगेच्या संगमापर्यंत मुलांना बोटाने धुंडाळू द्यावा. नदी वाटेत किती वळणे घेते, हे त्यांना पुस्तकातील एका ओळीपेक्षा अधिक उमगेल. नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी अमृता विश्वविद्यापीठ आणि मुंबईची ‘सी-डॅक’ यांची ‘ओलॅब्स’ आहेत. संगणकविद्येसाठी मुंबई आयआयटीचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ आहे. त्याचे पाठ सुमारे दहा मिनिटांचे असतात, आणि पाठ ऐकता ऐकता शेजारच्या खिडकीत तीच कृती स्वतः करावयाची, अशी त्याची शिस्त आहे.

तथापि पडद्यावरचा लंबक हा अखेर चित्रातला लंबक आहे, हे विसरून चालणार नाही. त्याच संध्याकाळी मुलाने सुतळीला दगड बांधून तो दाराच्या चौकटीला टांगावा आणि पडद्याने सांगितलेले खरे की खोटे ते पडताळावे. या दृष्टीने अरविंद गुप्ता यांचे कार्य आम्हांस अत्यंत मोलाचे वाटते. ते आपल्या या प्रांतातले, बरेलीचे; शिक्षण कानपूरच्या आयआयटीत. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे मुलांबरोबर टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडविली. त्या खेळण्यांच्या चित्रफिती आणि हजारो पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, आणि त्यांत मराठीचाही चांगला वाटा आहे. त्यांतले खेळणे पाहून संपत नाही; कात्री आणि गोंद घेऊन बसावेच लागते.

आता भाषेविषयी. आपली मुले शाळेत इंग्रजी वा हिंदीतून शिकतात, अंगणात हिंदीतून खेळतात, आणि मराठी उरते ती जेवणाच्या पाटापुरती. ‘मीठ वाढ’ आणि ‘झोपायला जा’ एवढ्यावर भाषा जगत नाही. विचार करण्याचे काम तिला दिले तरच ती जगते. हिंदीतील ‘लोलक’ म्हणजे आपला लंबक, आणि मराठीतील ‘लोलक’ म्हणजे प्रकाशाचे सात रंग दाखविणारा प्रिझम. आपला ‘छेद’ येथे ‘हर’ होतो, आणि आपली ‘मूळ संख्या’ येथे ‘अभाज्य’ होते. या गोंधळास भिण्याचे कारण नाही. एकाच कल्पनेला दोन नावे आहेत, हे ज्यास कळले त्यास कल्पना नावाहून वेगळी दिसू लागते. डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण बनारसमध्ये गेले व शाळा हिंदी माध्यमाची होती. तरीही त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ या मराठी आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रांत परका असला म्हणून भाषा परकी होत नाही.

साधनांची उणीव येथेही नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाने खुला ठेवला आहे. ‘फेट’ व ‘ओलॅब्स’ यांची काही सामग्री मराठीत आहे. ‘फेट’ची भाषांतरे तर बहुतांशी स्वयंसेवकांनीच केलेली असतात, आणि जेथे मराठी नाही तेथे ती आणण्यास कोणाची आडकाठी नाही. आयुष्यभर यंत्रांच्या आराखड्यांत रमलेली जी निवृत्त मंडळी येथे बसली आहेत, त्यांच्याहून या कामास अधिक योग्य कोण?

येथे आपल्या वसाहतीच्या नावाचा अर्थ ध्यानी घ्यावा. १९३० चे मानक कार्यालय आणि १९५२ चे चाचणी व संशोधन केंद्र यांचे १९५७ साली एकत्रीकरण होऊन रेल्वेची ‘आरडीएसओ’ संस्था झाली, आणि तिच्यामुळे ही वस्ती मानक नगर म्हणून ओळखली गेली. नवा डबा कितीही देखणा असो, दोलनाची चाचणी दिल्यावाचून त्यास रुळावर गती मिळत नाही. मुलांच्या हाती देण्याच्या सामग्रीसही तीच शिस्त लावावी. ती आज फुकट असून उद्या पैसे मागणार आहे काय? ती मुलाची माहिती गोळा करते काय, जाहिराती दाखविते काय? मूल चुकले तर ती केवळ ‘चूक’ म्हणते, की पुन्हा करून पाहू देते? आणि मुलाने काही केल्यावाचून ती पुढे सरकते काय? या चार प्रश्नांच्या चाचणीत जी उतरेल तीच आपली.

अखेरीस, विनामूल्य हा शब्द सर्वांच्या घरी सारखाच खरा नसतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे उघड्यावर आले. ज्या घरी एकच भ्रमणध्वनी आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरच्या मुलास जगातली सारी विद्यापीठे खुली असून नसल्यासारखी होती. अशी घरे आपल्या वसाहतीच्या आसपास आहेत, आणि त्या मुलांना शिकवणीची फीही परवडत नाही.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे. दर रविवारी मंडळाची एक खोली दोन तास उघडी ठेवावी. दोन-तीन संगणक पुरेत. ‘फेट’चे पुष्कळ प्रयोग एकदा उतरवून घेतले की महाजालाच्या जोडणीवाचूनही चालतात. तीन मुलांमागे एक संगणक असला तर उत्तमच, कारण मग मुले आपसांत वाद घालतील. शेजारी एक वडीलधारी व्यक्ती बसावी. तिने उत्तर सांगू नये. फक्त आधी विचारावे, ‘काय होईल असे वाटते?’ आणि नंतर विचारावे, ‘मग असे का झाले?’ मराठी घरच्या मुलाने त्याचे उत्तर मराठीत द्यावे. दार मात्र सर्वांस उघडे असावे, मग ते मूल अवधी बोलणारे असो की भोजपुरी. भातखंड्यांनी मराठीत लिहिले आणि लखनौत शिकविले. त्यांच्या शहरात राहणाऱ्या मंडळास याहून संकुचित दार शोभणार नाही.

मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केले, नाटके केली, कोजागिरीचे दूध आटविले, आणि त्यायोगे दूरदेशी आलेल्या कुटुंबांना आपले माणूस भेटले. पुढील वर्षांत त्याच आपलेपणाने मुलांच्या शेजारी बसण्याचे काम मंडळाने हाती घ्यावे, एवढे मागणे आपणांपुढे मांडून आम्ही आपली रजा घेतो.