लंडनचा खर्च आणि वऱ्हाडचा कापूस

तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या हिवरखेडच्या बाजारात एका कास्तकाराने मला विचारले, ‘गुरुजी, पोरगं लंडनले शिकाले जातो म्हन्ते. तिथं रायन्या-खान्याले खर्च किती येते जी?’ प्रश्न साधा. पण त्यामागे त्याचे वावर उभे होते. म्हणून उत्तर हिशेबाने देतो.

विद्यार्थ्याला व्हिसा देण्यापूर्वी तिकडचे सरकार त्याच्यापाशी राहण्याखाण्यापुरता पैसा आहे की नाही, ते पाहते. 2025 च्या जानेवारीत लंडनसाठी ही रक्कम दरमहा 1,483 पौंड झाली होती. नऊ महिन्यांचे 13,347 पौंड. पौंड नुसता शंभर रुपयांचा धरला तरी तेरा लाखांवर गेले, आणि कॉलेजची फी वेगळीच!

आता हेच आपल्या मापाने मोजू. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे झाला 164 क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आले, तर तेहतीस एकरांचे सारे पीक. बी, खत, वेचणी यांचा खर्च त्यातून अजून काढलेलाच नाही.

ही ओढाताण नवी नाही. 1920 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. साठवलेला पगार, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढीच पुंजी. अर्धपोटी राहून दिवसभर ग्रंथालयात वाचीत बसावे, असा त्यांचा क्रम होता. त्या वर्षी रुपयाचा भाव आधी चढला आणि मग कोसळला. दहा रुपयांना मिळू शकणाऱ्या पौंडाला 1921 मध्ये पंधराच्या आसपास रुपये पडू लागले. घरून पैसे तितकेच निघावेत आणि तिकडे हातात मात्र कमी पडावेत, असा तो प्रकार. याच रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी प्रबंध लिहिला. तो 1923 साली ग्रंथरूपाने निघाला.

यातून आपण काय घ्यावे? पहिले असे, की आजच्या भावाने खर्चाला काटेकोर पुरेल एवढाच पैसा धरू नये. रुपया घसरला तर अडचण नको, म्हणून थोडी शिल्लक ठेवावी. दुसरे, लंडनच हवे का, हे विचारावे. तिथे पैसा खातो तो मुख्यतः खोलीच्या भाड्यात. लंडनबाहेरच्या शहरांसाठी तेच सरकार 2025 च्या जानेवारीत दरमहा 1,136 पौंड धरत होते. नऊ महिन्यांत तीन हजारांवर पौंड वाचतात, म्हणजे तीन लाखांहून अधिक रुपये. तिसरे, तिथे काम करून भागवीन, या भरवशावर पोराला धाडू नये. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येते, आणि ते मिळेलच असेही नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. राज्य आणि केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. त्यांच्या अटी आणि मुदत मुलांना वेळेवर समजावून सांगा. जाहिरात हाती येईतो मुदत टळली, असे होऊ देऊ नका.

त्या कास्तकाराला मी शेवटी म्हटले, ‘भाऊ, पोराला जाऊ द्या. पण आधी शिष्यवृत्तीचा अर्ज, मग बँक, आणि वावर सगळ्यात शेवटी.’ तो म्हणाला, ‘मंग अर्ज तुमीच भरून द्या, गुरुजी.’ मी हो म्हटले.