हक्कात गृहीत, बंदीत नावानिशी
(आळंदी येथील महिला कामगार मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, आळंदीत आपण ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो. कुणाचीच जीभ अडखळत नाही. मग चाकणच्या कारखान्यातली बाई इंग्रजी कागदावर 'वर्कमन' का?

१८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनुसार पुल्लिंगी शब्दात स्त्री धरलेलीच असते. पण पाहा: १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दाद मागणारा होता 'वर्कमन'. १९४८ च्या कारखाने कायद्यात रात्रपाळीची बंदी घालताना मात्र स्पष्ट 'वुमन' लिहिलं. हक्कात आपण गृहीत, बंदीत नावानिशी!

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं 'वर्कर' शब्द घेतला. म्हणून नेमणूकपत्र वाचून घ्या, समजून घ्या. 'वर्कमन' दिसला तर 'वर्कर' लिहून मागा. काम आपलं आहे, कागदही आपला असू दे.