खाडीतील चिंबोरी आणि क्षणजीवी पिंजरे



पावसाळ्यात डहाणूच्या खाडीत गोड्या पाण्याचे लोट मिसळून तिचा खारेपणा झपाट्याने उतरतो, तरीही चिखलात बीळ करून राहणाऱ्या चिंबोरीच्या रक्तातील मीठ फारसे ढळत नाही, कारण तिच्या कल्ल्यांतील पेशी त्या पाण्यातूनही सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ओढून घेत असतात. यामागील सोडियम-पोटॅशियम पंप हे प्रथिन डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्याच पायातील मज्जातंतूंवर काम करून उजेडात आणले. हे प्रथिन पेशीच्या आत सोडियमचे ३ आयन धरते. एटीपी या इंधन-रेणूचा फॉस्फेट गट त्याला जोडला गेला की त्याची घडण पालटून ते आयन बाहेर सुटतात, मग बाहेरचे पोटॅशियमचे २ आयन धरले जातात आणि फॉस्फेट गळताच तेही आत सोडले जातात.

आयन धरणे आणि सोडणे यांपैकी प्रयोगशाळेत धरणे आधी साधले. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये क्राउन ईथर ही वलये जाहीर केली. त्यांतील योग्य मापाच्या वलयात पोटॅशियमचा आयन नेमका बसतो. झाँ-मारी लेन यांनी त्यापुढे जाऊन त्रिमितीय पिंजरे रचले, मात्र त्यांची पकड इतकी घट्ट, की आयन सोडवणे हीच अडचण होऊन बसली. तिच्यावरचा एक सुंदर तोडगा अमेरिकेतील ओहायो येथे करियावसम आणि हार्टली यांनी २०१७ मध्ये मांडला: दोन्ही टोकांना आम्लगट असलेल्या साखळीला कार्बोडायइमाइड हे इंधन दिले की टोके जुळून वलय बनते, आणि इंधन संपल्यावर भोवतालचे पाणीच तो जोड तोडून साखळी पुन्हा मोकळी करते. याच मार्गाने पुढे तात्पुरते पिंजरेही घडवता आले आहेत.

तरीही चिंबोरीचे कसब अजून दूर आहे. चंचुपात्रात प्रत्येक फेरीगणिक जळालेल्या इंधनाचा युरियावर्गीय अवशेष साचत जातो, तर पेशी वापरलेला एटीपी अन्नातील ऊर्जेने पुन्हा भारून तोच रेणू वारंवार कामाला लावते. डहाणूपासून झाईपर्यंतच्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास दारातूनच सुरू करता येतो: उधाणाच्या आणि भांगाच्या पाण्याचा खारेपणा वर्षभर नोंदवला, तर चिंबोरीच्या कल्ल्यांवर कोणत्या महिन्यात किती भार पडत असावा, याचा अंदाज बांधता येतो.